रिकाम्या गाडीचं वजन

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत
रात्रपाळीला मी वजनकाट्यावर असतो.
भरली गाडी येते, आकडा लिहितो.
तीच गाडी खाली होऊन येते, आकडा लिहितो.
मधल्या वेळात कानात माणसं बोलतात.

पहिला होता एकवीस दिवसांत सिंह करणारा.
म्हणायचा, दारातून शिरताना ताठ शिरा,
छाती आधी, मग तुम्ही.
माझ्या खोलीचं दार साडेपाच फुटी.
आठवड्यात तीनदा कपाळ आपटलं.

मग एक बाई, आवाज सायीसारखा.
श्वास घ्या. सोडा.
आतल्या लहान मुलाला जवळ घ्या.
आतलं मूल झोपलं, बाहेरचा मीही,
आणि सळईची एक गाडी
न मोजता निघून गेली. पगारातून कापलं.

तिसरा म्हणाला, आधी स्वभाव ओळखा,
मग तुमच्या मापाचा कोर्स देतो.
चाळीस प्रश्न.
लग्नघरात तुम्ही कुठं असता?
नाचणारे, नाचवणारे, की कोपऱ्यातले?
पंगतीत वाढणारे, हा पर्यायच नव्हता.
मी वरणाची बादली घेऊन फिरणारा माणूस,
"बास" म्हणायच्या आधी थांबणारा.

त्यात नाव मुंजाजी.
आमच्या परभणीकडं हाकेला तिघं ओ देतात.
इथं विचारतात, कोणत्या पिंपळावरचा?
लग्नाआधी गेलेल्या पोराच्या भुताचं नाव घेऊन
प्रेमाला निघालेल्या माणसासाठी
कुणी काही रेकॉर्ड केलंय का, शोधलं.
नाही.

चौथा मग विकत घेतला. दोनशे नव्व्याण्णव.
भेटीची कला, भाग बारा.
भाग तीन: तिच्या मेसेजला लगेच उत्तर नको,
चार तास जाऊ द्या, किंमत वाढते.

संजीवनी खरात बियाण्यांच्या कंपनीत
उगवण तपासते.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळी करून ठेवायची,
ठरल्या दिवशी उलगडून मोजायचं, किती उठले.
एका रविवारी दुपारी तिनं विचारलं,
मोती तलावावर येता का, आत्ता?
मी किंमत वाढवत बसलो.
उत्तर दिलं तेव्हा तलावावर अंधार होता.

पुढच्या रविवारी गेलो.
भाग पाच: डोळ्यांत तीन सेकंद पाहा.
एक, दोन,
"डोळ्यात काही गेलं का तुमच्या?"
मग माझ्या कानाकडं बोट दाखवून,
"आन् आत कोण बोलायलंय?"

खोटं कसं टाळावं की कसं बोलावं,
काहीतरी भाग नऊमध्ये होतं. मी आठवर होतो.
सगळं सांगून टाकलं. सिंह, साय, वरणाची बादली.

ती हसली नाही, हे मला नंतर लक्षात आलं.
मोसंबी सोलत होती, फोडीवरचं पांढरं
नखानं काढत म्हणाली,
"मी बी ऐकलं एक. नाही म्हणायला शिका, तीस दिवस.
एकोणिसाव्या दिवशी त्या बाईलाच नाही म्हणलं."
थोड्या वेळानं, "सोयाबीन आठ दिवसांत मोजतो.
कांद्याला बारा. मिरचीला चौदा.
तुमचे एकवीस कुणी काढले?"

मला माहीत नव्हतं.
मला जे माहीत होतं ते बोललो:
रिकाम्या गाडीचं वजन कधी शून्य येत नाही.
ड्रायव्हर असतो, डिझेल, देवाचा फोटो,
मागच्या खेपेची सांडलेली वाळू,
एकाचं तर कुत्रं असतं, लालू,
ते भरताना चढतं आणि खाली करताना उतरतं,
मालकाला बारा किलोचा हिशोब लागत नाही.

आता ती हसली. लालूला.

परवा रात्री दोनला तिचा मेसेज,
झोप येत नाही, काय चाललंय काट्यावर?
मी बटण दाबून नुसतं बोललो,
माझ्या नेहमीच्या, अडखळत्या, धिम्या आवाजात:
भरली, सव्वीस टन चारशे.
खाली, नऊ टन साठ. कुत्रं नव्हतं.
मागं भट्टीचा घरघराट आला असेल.

भाग आठ अर्धवट आहे, अशी आठवण
फोन रोज करून देतो. राहू दे.

तिनं चार तास घेतले नाहीत.
लगेच आलं:
पुढची गाडी?